काच की अ‍ॅक्रिलिक? आधी मधली फट ठरवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात राहणाऱ्या एका भगिनीला तीन तसबिरी करून घ्यायच्या आहेत. पहिली आजी-आजोबांची. फोटो १९५० च्या दशकातला, कृष्णधवल, वरून हाताने रंगवलेला, १२ बाय १५ इंचांचा, स्टुडिओच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. सावंतवाडीजवळच्या घरात माजघरात लावलेला असतो. रोज काचेवर गंध लागतं, सणावाराला हार. जुन्या चौकटीत काच फोटोला थेट टेकलेली होती आणि आता खालचा कोपरा काचेला चिकटून चकाकतो आहे. फ्रेमवाला म्हणतो, "ओल्या कापसाने सोडवून देतो." दुसरी तसबीर वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या रंगीत फोटोची, २४ बाय ३६ इंच. ती हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावायची आहे. समोर पश्चिमेची बाल्कनी, आणि सोफ्यावर चार वर्षांचा नातू उड्या मारतो. तिसरी ८ बाय १० ची, परदेशातल्या बहिणीसाठी. फ्रेमवाल्याच्या मते आता सगळं अ‍ॅक्रिलिकमध्येच करतात. भावोजींच्या मते अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिक, दोन वर्षांत पिवळं पडेल. गणपतीला सगळे गावी जमतील, त्याआधी काम व्हायला हवं. काय निवडावं?

नमस्कार ताई,

फ्रेमवाला आणि भावोजी दोघंही समोरच्या पत्र्याबद्दल, म्हणजे काच की अ‍ॅक्रिलिक याबद्दल, बोलत आहेत, म्हणून तुम्हालाही निवड तेवढीच वाटते आहे. पण आजी-आजोबांचा फोटो खराब झाला तो समोर काच होती म्हणून नव्हे. मध्ये फट नव्हती, काच त्याला टेकलेली होती म्हणून. तिथे अ‍ॅक्रिलिक असतं तरी तो असाच चिकटला असता. तेव्हा सुरुवात त्या कोपऱ्यापासूनच करू.

जुन्या कृष्णधवल फोटोत चांदीचे कण जिलेटीनच्या थरात असतात. जिलेटीन हवेतली ओल शोषून फुगतं आणि मऊ, चिकट होतं. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांच्या आसपास राहते. त्या दिवसांत मऊ झालेला थर गुळगुळीत काचेवर दाबला जातो, आणि हवा कोरडी झाली की तिथेच पकडून बसतो. आधी नुसती चकाकी दिसते, मग पक्की चिकट. रंगीत फोटोच्या कागदावरही जिलेटीनच असतं. इंकजेटच्या चकचकीत कागदावरचा लेपही असाच चिकटतो. म्हणजे नवा फोटो यातून सुटतो असं समजू नका.

म्हणून कृपा करून तो कोपरा ओल्या कापसाने सोडवू देऊ नका. पाणी लागलं की जिलेटीन आणखी फुगतं आणि कागदावरून सालासारखं निघून काचेवर राहतं. वर हाताने दिलेले रंग आहेत, तेही पसरू शकतात. हेअर ड्रायर नको, ब्लेड सरकवणं नको. फोटो काचेसकटच चौकटीतून बाहेर काढा: चौकट पालथी घाला, मागचे खिळे पकडीने एकेक काढा, फोटो आणि काच एकत्र एका ताठ पुठ्ठ्यावर घ्या आणि आडवंच ठेवा. सोडवायचाच असेल तर ते कागद-संवर्धकाचं काम आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल.

गणपतीपर्यंत ते होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. माजघरात मूळ फोटोच लागला पाहिजे, हे गृहीतक मला तुमच्याकडून जरा तपासून घ्यायचं आहे. ओल, उदबत्तीचा धूर, हाराचं पाणी, कसर, उघडी खिडकी या सगळ्यात सत्तर वर्षांचा एकमेव फोटो ठेवायचा आणि मग त्याला कोणती काच वाचवेल ते शोधायचं, हा उलटा रस्ता आहे. भिंतीवर प्रत लावा. नमस्कार प्रतीलाही तितक्याच मनाने होतो, आणि मूळ फोटो पुढच्या पिढीसाठी शाबूत राहतो.

प्रत करताना फोटो काचेसकट स्कॅनरवर ठेवू नका. पातळ, स्वस्त स्कॅनर बहुधा सीआयएस प्रकारचे असतात. त्यांना स्वतःच्या काचेला टेकलेला कागदच स्पष्ट दिसतो; मध्ये २ मिलिमीटरची आणखी एक काच आली की चित्र धूसर येतं. त्यापेक्षा कॅमेऱ्याने टिपा. फोटो आडवा, अगदी सपाट ठेवा, कॅमेरा तिवईवर बरोबर वर, दोन सारखे दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, आणि कॅमेऱ्यापुढे भिंगापुरतं भोक पाडलेलं काळं कापड, म्हणजे काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडत नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौकट भरून टिपलंत तर १२ बाय १५ इंचांची प्रत ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, सहज निघते. छपाई मॅट कागदावर, पिगमेंट शाईत करून घ्या. मूळ फोटो काचेसकट आम्लविरहित कागदात गुंडाळून, सपाट खोक्यात, ठाण्याच्या घरात आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. गावच्या माळ्यावर नको, आणि खोक्यात डांबराच्या गोळ्याही नकोत.

आता या प्रतीसमोर काय लावायचं? इथे माझं उत्तर स्पष्ट आहे: काच, साधी, २ मिलिमीटरची. भोवती दोन-दोन इंच माउंट, म्हणजे खिडकीसारखा कापलेला पुठ्ठा, धरला तर पत्रा १६ बाय १९ इंचांचा होतो. काच साधारण एक किलो भरेल, २ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक अर्धा किलो. एवढ्या मापात अर्ध्या किलोच्या बचतीला काही अर्थ नाही. उलट तुमच्याकडे रोज गंध लागतं आणि रोज पुसलं जातं. वाळलेल्या गंधाचे कण बारीक वाळूसारखे असतात. काचेला त्यांचं काही होत नाही, अ‍ॅक्रिलिकवर मात्र वर्षभरात आजोबांच्या कपाळाभोवती ओरखड्यांचं जाळं उमटेल. जवळ समई असेल तर आणखी एक कारण: अ‍ॅक्रिलिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि ज्योत लागली तर पेटतं. काच पेटत नाही, पण एकाच जागी तापली तर तडकते. म्हणून समई कुठल्याही तसबिरीखाली लावू नका, बाजूला घ्या.

हार मात्र चौकटीला अडकवू नका. चौकटीच्या दोन-तीन इंच वर वेगळा खिळा मारा. ओल्या फुलांचं पाणी काचेवरून ओघळून खालच्या खाचेत, म्हणजे चौकटीत काच बसते त्या खोबणीत, जमतं, आणि काच फोटोला टेकलेली असली तर दोघांमधून ते वर चढतं. तुमचा खालचाच कोपरा चिकटला यात मला नवल वाटत नाही.

म्हणजे पुन्हा त्या फटीवर आलो. माउंट शोभेसाठी असतो असा समज आहे. त्याचं खरं काम काचेला फोटोपासून दूर ठेवणं हे आहे. दुकानातला नेहमीचा माउंट सुमारे दीड मिलिमीटरचा असतो. कोकणासाठी मी दुप्पट मागेन: दोन माउंट एकावर एक, किंवा एकच ३ मिलिमीटरचा. "आम्लविरहित बोर्ड" असं नाव घेऊन मागा. साध्या माउंटची तिरकी कापलेली पांढरी कड काही वर्षांत तपकिरी होते. तेच आम्ल फोटोच्या कागदात उतरत असतं. फोटो माउंटला किंवा मागच्या बोर्डला सेलोटेपने, ब्राउन टेपने वा फेविकॉलने चिकटवू देऊ नका. चार कोपऱ्यांना कागदी फोटो-कॉर्नर लावून मागच्या बोर्डवर बसवा, म्हणजे पावसात कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. चारही बाजूंनी चिकटवलेला फोटो पहिल्याच पावसाळ्यात मधोमध फुगतो.

मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ लावतात. त्याचा थेट स्पर्श फोटोला नको, मध्ये आम्लविरहित बोर्ड हवा. चौकटीच्या मागच्या फटी कागदी टेपने बंद करा, म्हणजे कसर आणि धूळ आत जात नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून ४-५ मिलिमीटर जाडीचे बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा. भिंतीला ओल येते तेव्हा तेवढ्या फटीतून वारा खेळला की मागचा बोर्ड बुरसत नाही. हे दोन तुकडे कोणी विचारत नाही, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडतात.

दुसऱ्या तसबिरीचं गणित अगदी वेगळं आहे. २४ बाय ३६ इंच म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडं जास्त. २ मिलिमीटर काच पावणेतीन किलोंच्या पुढे जाते, ३ मिलिमीटरची सव्वाचार किलो. ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक दोन किलो. त्यात मागचा बोर्ड आणि चौकटीची पट्टी धरा. आणि खाली सोफ्यावर उड्या मारणारा चार वर्षांचा मुलगा. ही काच फुटली तर सुऱ्यासारखे लांब तुकडे खाली येतात. अ‍ॅक्रिलिकला जोरात आपटलं तर तडा जातो, कोपरा तुटतो, पण असा वर्षाव होत नाही. सोफा, पलंग, पाळणा यांच्या वर मोठी तसबीर लावायची असेल तर मी काच सुचवणार नाही. तुम्हीही इथे अ‍ॅक्रिलिकच घ्या, ३ मिलिमीटरचं. २ मिलिमीटरचं या मापात पोट काढतं.

भावोजींची शंका निराधार नाही, पण ती वेगळ्या वस्तूबद्दल आहे. खरं अ‍ॅक्रिलिक घरात वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही. तयार स्वस्त फ्रेममध्ये "अ‍ॅक्रिलिक" म्हणून जो पातळ पत्रा येतो तो पुष्कळदा पॉलिस्टायरीन, म्हणजे वेगळ्याच जातीचं प्लॅस्टिक, असतो. पिवळा पडतो तो, आणि वाकवला तर टणकन मोडतोही तो. घरी ओळखायची सोपी रीत आहे. फ्रेमवाल्याकडून कापलेला तुकडा मागून घ्या. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ पूर्ण विरघळवा आणि तुकडा बुडवून, त्याला लागलेले बुडबुडे झटकून सोडा. पॉलिस्टायरीन वर तरंगतं, अ‍ॅक्रिलिक तळाला जातं. दुकानात "कास्ट अ‍ॅक्रिलिक" (साच्यात ओतून केलेलं) असं सांगा, आणि दोन्ही बाजूंची संरक्षक फिल्म शाबूत असलेलाच पत्रा घ्या.

अ‍ॅक्रिलिकची खरी खोड पिवळेपणा नाही, हालचाल आहे. तापमान २० अंशांनी वाढलं तर ३६ इंचांचा पत्रा लांबीत सव्वा मिलिमीटरने वाढतो. काच त्याच्या आठव्या हिश्शाइतकीच वाढते. त्यात अ‍ॅक्रिलिक ओलही शोषतं, आणि ज्या बाजूला हवा जास्त दमट वा गरम असेल त्या बाजूला फुगतं. म्हणजे पावसाळ्यात खोलीकडे पोट काढेल, आणि एसीच्या कोरड्या खोलीत उलट आत, फोटोकडे. खाचेत घट्ट ठोकून बसवलेला पत्रा तर हमखास वाकतो. म्हणून पत्रा खाचेच्या मापापेक्षा लांबीत आणि रुंदीत एकूण ३ मिलिमीटर कमी कापून घ्या. आणि फट? काचेला ३ मिलिमीटर चालतील, या मापाच्या अ‍ॅक्रिलिकला किमान ५ हव्यात. तुमच्या फोटोला माउंट नाही, कडेपर्यंत चित्र आहे. तेव्हा चौकटीच्या ओठाखाली लपेल अशी ५ मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची पट्टी चारही बाजूंनी आतून लावायला सांगा.

इथेच बहुतेक कामं फसतात, कारण चौकटीची पट्टी आधी आवडलेली असते आणि खाच नंतर मोजली जाते. बेरीज करा: ३ मिलिमीटर पत्रा, ५ ची फट, फोटो ज्यावर बसवलाय तो ५ मिलिमीटरचा फोमबोर्ड, मागचा बोर्ड ३. झाले १६. खाच १८ मिलिमीटरच्या आसपास खोल हवी. नेहमीच्या पट्टीला ती ८-१० मिलिमीटर असते, आणि मग फ्रेमवाला जो थर गाळतो तो नेमका फटीचाच. हा फोटो फोमबोर्डवर चिकटवायला माझी हरकत नाही, कारण त्याची फाइल तुमच्याकडे आहे, हवा तेव्हा पुन्हा छापता येईल. एवढा मोठा कागद नुसता टांगला तर लाटा येतात. पण लॅमिनेशन, किंवा फोटो थेट अ‍ॅक्रिलिकलाच चिकटवून देण्याची जी पद्धत आली आहे, ती एकमेव जुन्या फोटोवर कधीही करू नका. ते परत निघत नाही.

पश्चिमेच्या बाल्कनीचं मला जास्त वाईट वाटतं. साधी काच असो वा साधं अ‍ॅक्रिलिक, उन्हातले अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात. दोन्हींत यूव्ही-फिल्टरचे प्रकार मिळतात, महाग असतात, आणि रंगीत फोटोसाठी खर्च योग्य आहे. पण फोटोचा रंग उडतो तो केवळ अतिनील किरणांनी नाही, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानेही. दुपारी चारनंतर थेट ऊन पडणार असेल तर कोणताही पत्रा तो फोटो वाचवणार नाही. शिवाय प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परततो, दोन्ही बाजू मिळून ८, आणि यात काच आणि अ‍ॅक्रिलिक सारखेच. म्हणजे संध्याकाळी तुम्हाला वडिलांच्या चेहऱ्यावर बाल्कनीचे गज दिसतील. "नॉन-ग्लेअर" म्हणून मिळणारी खरबरीत काच घेऊ नका. ती फोटोला टेकली तरच चित्र स्पष्ट दिसतं, ५ मिलिमीटर दूर गेली की धुकं. परावर्तन रोखणारा खास लेप असलेली काच उत्तम दिसते, पण ती पुन्हा काच, आणि भारी किमतीची. त्यापेक्षा तसबीर बाल्कनीला काटकोनात असलेल्या बाजूच्या भिंतीवर न्या. बिनखर्चाचा हा एक बदल ऊन आणि प्रतिबिंब दोन्ही टाळतो. जागा बदलणं शक्यच नसेल तर यूव्ही अ‍ॅक्रिलिक घ्या आणि दुपारी पडदा ओढा. टांगायला दोन हुक, भिंतीत ड्रिल करून प्लग आणि स्क्रू. एका खिळ्यावर नको.

पुसताना घरातल्यांना सांगून ठेवा, कारण काचेच्या सवयी अ‍ॅक्रिलिकला मारक आहेत. कोरडं फडकं नाही, वर्तमानपत्राचा बोळा नाही, अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे नाही, स्पिरिट आणि थिनर तर नाहीच. त्यांनी केसासारख्या बारीक चिरा पडतात. आधी धूळ फुंकून टाका, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर फडकं, हलक्या हाताने. कोरडं घासलं तर स्थिर वीज तयार होते आणि धूळ आणखी ओढली जाते. याच विजेमुळे खडूने वा कोळशाने काढलेली चित्रं, किंवा रंगाचे पोपडे सुटलेले जुने फोटो अ‍ॅक्रिलिकमागे लावत नाहीत. काचेवर स्प्रे चालतो, पण फडक्यावर मारून. तसबिरीवर मारला तर तो खालच्या खाचेत उतरतो.

बहिणीसाठी चौकट पाठवूच नका. फोटो दोन ताठ पुठ्ठ्यांत सपाट पाठवा, तिथे ८ बाय १० ची चौकट सहज मिळते. चौकटीसकटच द्यायची इच्छा असेल तर २ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक, त्याच्या तोंडावर मऊ कागद. काचेची असेल तर प्रवासापुरत्या काचेवर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे फोटोत घुसत नाहीत. अ‍ॅक्रिलिकवर अशी टेप मारू नका.

राहिला गणपतीचा मुहूर्त. भर पावसात तसबीर बंद केली तर पुठ्ठे आणि बोर्ड जी ओल प्यालेले असतात ती आतच कोंडली जाते आणि बुरशीला आयती जागा मिळते. गावच्या प्रतीसाठी माउंट आणि बोर्ड कापून झाल्यावर दोन दिवस ठाण्यात एसीच्या खोलीत उघडे ठेवा, तिथेच तसबीर बंद करून घ्या आणि मग गावी न्या. हॉलची मोठी तसबीर मात्र थांबवा. तिला गणपतीची घाई नाही. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा. तोवर फोटो दोन ठिकाणी छापून रंग पाहून घ्या, आणि १८ मिलिमीटर खाचेची पट्टी शोधा. ती मिळायलाच वेळ लागतो.